नाटक, नृत्य, संगीतासाठी अनुदान, रेसिडेन्सी, फेलोशिप: शोध कुठून सुरू करायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सहा जणांचा नाट्य-नृत्य गट आहे, दोन निर्मिती स्वतःच्या पैशांतून उभ्या केल्या, तिसरीसाठी बाहेरचं पाठबळ हवंय. संधींच्या याद्या हव्या तेवढ्या मिळतात, पण त्यातलं आपल्या उपयोगाचं कोणतं हे कळत नाही. अर्ज एकाच्या नावाने करावा की गटाच्या, हेही ठरत नाही.

मी अनेक वर्षं असे अर्ज लिहिले आहेत, दुसऱ्यांचे तपासून दिले आहेत आणि काही वेळा निवड समितीतही बसलो आहे. त्या अनुभवावरून सांगतो, याद्या सध्या बंद करा. आधी कागदावर लिहा की तुमची तिसरी निर्मिती आज नेमकी कोणत्या टप्प्यावर आहे. विषयाचा शोध चाललाय? संहिता किंवा नृत्यरचना आकार घेतेय? रचना तयार आहे आणि तालमीला जागा नाही? प्रयोग उभा आहे आणि दौरा करायचाय? की प्रयोग होऊन गेले आणि आता त्यांचं नीट चित्रीकरण, दस्तऐवजीकरण करायचंय? या प्रत्येक टप्प्याला पैसे देणारे वेगळे आहेत. चांगले कलाकार नाकारले जातात त्याचं मला दिसलेलं सर्वांत मोठं कारण हेच आहे. काम उत्तम असतं, पण अर्ज दुसऱ्याच टप्प्याला पैसे देणाऱ्या दारात गेलेला असतो.

ढोबळमानाने फेलोशिप माणसाला मिळते, अनुदान प्रकल्पाला किंवा संस्थेला मिळतं आणि रेसिडेन्सी वेळ आणि जागा देते. शोधाच्या टप्प्याला फेलोशिप, रचनेच्या टप्प्याला रेसिडेन्सी, निर्मितीला प्रकल्प-अनुदान किंवा एखाद्या महोत्सवाची सहनिर्मिती, दौऱ्याला प्रवास-अनुदान, अशी सर्वसाधारण विभागणी असते. संस्था चालवण्याचा रोजचा खर्च, म्हणजे भाडं, व्यवस्थापकाचा पगार, हिशेबनीस, यासाठी पैसे देणारे सगळ्यांत कमी आहेत आणि ते बहुधा आधीपासून माहिती असलेल्या संस्थांनाच देतात. तिथे पहिल्या वर्षी शक्ती घालवू नका.

आता नावं घेऊन बोलतो, कारण फरक तिथेच दिसतो. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशरमधलं मॅकडॉवेल हे 1907 मध्ये सुरू झालेलं केंद्र आहे. सहा आठवड्यांपर्यंत राहणं, जेवण, स्वतंत्र स्टुडिओ, आणि राहण्याचं शुल्क नाही. नाटककार आणि संगीतकार तिथे अर्ज करू शकतात. पण हे एकट्याने लिहिण्याचं, रचण्याचं ठिकाण आहे. सहा जणांच्या तालमीसाठी ते नाही. उलट जर्मनीत एसेनमध्ये जुन्या कोळसा खाणीच्या आवारात असलेलं पॅक्ट त्सोलफेराइन हे केंद्र नृत्य आणि परफॉर्मन्सच्या लोकांना तालमीचा स्टुडिओ देतं. दोन्हींना रेसिडेन्सीच म्हणतात, पण तुमच्या संहितालेखकाने पहिल्याकडे पाहावं आणि गटाने दुसऱ्यासारख्या ठिकाणाकडे.

मोठ्या नावांच्या बाबतीत तर बारीक अक्षरं वाचलीच पाहिजेत. गुगेनहाइम फेलोशिप 1925 पासून दिली जाते, प्रतिष्ठा प्रचंड आहे, पण ती अमेरिका आणि कॅनडाच्या नागरिकांना आणि कायम रहिवाशांना असते. शिवाय नृत्यरचनाकार आणि संगीतरचनाकार पात्र असले तरी केवळ सादरीकरण करणाऱ्या कलावंतांसाठी ती आखलेली नाही. मॅकआर्थर फेलोशिपची रक्कम पाच वर्षांत मिळून 8 लाख डॉलर आहे, पण तिला अर्जच करता येत नाही, नाव गुप्तपणे सुचवलं जातं. रोलेक्सचा 2002 पासूनचा गुरु-शिष्य उपक्रमही असाच आमंत्रणावर चालत आला आहे. अशी नावं यादीत दिसली की त्यांच्यावर रेघ मारायची. त्यांचा विचार करत बसण्यात संध्याकाळी वाया जातात.

मग शोधायचं कसं? माझी पद्धत उलट्या दिशेने जाते. संधीपासून सुरुवात न करता, ज्यांना ती मिळाली त्यांच्यापासून सुरुवात करायची. तुमच्यासारखंच काम करणारे, तुमच्याहून चार-पाच वर्षं पुढे असलेले दहा-बारा कलाकार किंवा गट निवडा. फार मोठे नकोत, चार-पाच वर्षंच पुढचे. त्यांच्या संकेतस्थळावरचं परिचयपत्र उघडा, त्यांच्या प्रयोगाच्या पत्रिकेचं शेवटचं पान बघा, महोत्सवाच्या पुस्तिकेत त्यांच्या नावाखाली कोणाचे आभार मानले आहेत ते वाचा. तिथे प्रत्येक पैसे देणाऱ्याचं नाव असतं, कारण ते छापणं ही बहुतेक अनुदानांची अट असते. एका तक्त्यात उतरवा: कोणी दिलं, कोणत्या वर्षी, कोणत्या टप्प्यासाठी, व्यक्तीला की संस्थेला. दोन-तीन नावं वारंवार येतील. ती तुमची पहिली खरी यादी.

त्यानंतर त्या प्रत्येक देणाऱ्याची मागच्या तीन-चार वर्षांची निवड पाहा. संकेतस्थळावर 'आम्ही सर्व प्रकारच्या कलांना पाठबळ देतो' असं लिहिलेलं असतं, पण निवडीची यादी खरं बोलते. चार वर्षांत एकही नृत्याचा प्रकल्प नसेल तर पाचव्या वर्षी तुमचाच असेल हे धरून चालू नका. अमेरिकेतल्या खासगी फाउंडेशनांच्या बाबतीत एक फार उपयोगी सोय आहे. त्यांना दरवर्षी 990-पीएफ नावाचं विवरणपत्र भरावं लागतं आणि ते सार्वजनिक असतं. त्यात दिलेल्या प्रत्येक अनुदानाचं नाव, रक्कम आणि कारण असतं. कोणी किती मागावं याचा अंदाज त्यातून अगदी ठोस मिळतो. ब्रिटनमध्ये 360गिव्हिंग या उपक्रमाने अशीच माहिती अनेक दात्यांकडून एकत्र आणून खुली केली आहे. या दोन गोष्टी वापरणारे कलाकार मला फार कमी भेटतात, याचं वाईट वाटतं, कारण दोन्ही फुकट आहेत.

माहितीच्या ठिकाणांबद्दल फार बोलायला नको. प्रवासासाठीच्या अनुदानांना ऑन द मूव्ह हे संकेतस्थळ सर्वांत विश्वासाचं, देशवार मार्गदर्शिकाही तिथे मिळतात. रेसिडेन्सीसाठी ट्रान्सआर्टिस्ट्स आणि रेस आर्टिस. अमेरिकी फाउंडेशनांसाठी कॅन्डिड, म्हणजे 2019 मध्ये फाउंडेशन सेंटर आणि गाइडस्टार एकत्र येऊन झालेली संस्था. रंगभूमी आणि नृत्याच्या लोकांची आंतरराष्ट्रीय जाळी म्हणून आयईटीएम आहे, 1981 पासून. या चार-पाच ठिकाणांची पत्रं ईमेलवर घ्या आणि बाकीची बंद करा.

प्रादेशिक निधी मात्र स्वतंत्रपणे शोधावे लागतात, आणि तिथे स्पर्धा तुलनेने कमी असते. आशियाई कलाकारांसाठी एशियन कल्चरल काउन्सिल, जिची सुरुवात 1963 मध्ये तिसऱ्या जॉन डी. रॉकफेलर यांच्या पुढाकाराने झाली. तिचा भर देवाणघेवाणीवर असतो, निर्मितीवर नाही. जपानमध्ये समकालीन नाट्य-नृत्यासाठी सेझॉन फाउंडेशन, अरब जगासाठी 2007 पासूनचा अरब फंड फॉर आर्ट्स अँड कल्चर, स्पॅनिश-पोर्तुगीज भाषक देशांसाठी इबेरएस्सेना, भारतात बेंगळुरूची इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स. या शेवटच्या संस्थेला प्रस्ताव कोणत्याही भारतीय भाषेत पाठवता येतो. ही सोय मला फार मोलाची वाटते, कारण आपल्या कामाबद्दल माणूस स्वतःच्या भाषेत जितकं नेमकं लिहितो तितकं दुसऱ्या भाषेत लिहिताना अडखळतो. जर्मनीची गटे इन्स्टिट्यूट, ब्रिटिश काउन्सिल, जपान फाउंडेशन, स्वित्झर्लंडची प्रो हेल्वेशिया या संस्था बहुतेक वेळा आपापल्या देशातल्या कलाकारांशी नातं जोडण्यासाठी पैसे देतात. म्हणजे तिथला सहकारी आधी शोधायचा आणि मग अर्ज. याच्या उलट क्रम सहसा फळत नाही.

आता व्यक्ती की गट. काही दारं फक्त व्यक्तीला उघडतात, काही फक्त संस्थेला. युनेस्कोचा सांस्कृतिक विविधतेसाठीचा आंतरराष्ट्रीय निधी याच विषयावरच्या युनेस्कोच्या 2005 च्या कराराचा भाग असलेल्या विकसनशील देशांतल्या प्रकल्पांना 1 लाख डॉलरपर्यंत देतो, पण एकट्या कलाकाराला नाही. अमेरिकेचा सरकारी निधी, नॅशनल एंडोमेंट फॉर द आर्ट्स, 1990 च्या दशकाच्या मध्यापासून नट, नर्तक, नृत्यरचनाकारांना वैयक्तिक प्रकल्प-अनुदान देत नाही. उलट आर्ट्स काउन्सिल इंग्लंडची 'डेव्हलपिंग युवर क्रिएटिव्ह प्रॅक्टिस' ही योजना व्यक्तींसाठीच आहे. नेदरलँड्सच्या प्रिन्स क्लाउस फंडचे सीड अवॉर्ड्स हे कारकिर्दीच्या सुरुवातीच्या कलाकारांना 5,000 युरो देणारे आहेत, तेही व्यक्तीलाच.

म्हणून माझा सल्ला असा की दोन्ही मार्ग एकाच वेळी चालवा, पण वेगवेगळ्या टप्प्यांसाठी. विषयाच्या शोधासाठी दिग्दर्शिकेने किंवा नृत्यरचनाकाराने स्वतःच्या नावाने फेलोशिप मागावी, निर्मितीसाठी गटाने अनुदान. एकाच टप्प्यासाठी दोन नावांनी एकाच ठिकाणी अर्ज जाऊ देऊ नका. समितीला ते लगेच दिसतं आणि विश्वास जातो. तुमची नोंदणी अजून झाली नसेल तर नोंदणी असलेली एखादी संस्था तुमच्या वतीने पैसे स्वीकारू शकते का ते बघा. अमेरिकेत याला कायद्याची चौकट आहे, फ्रॅक्चर्ड अ‍ॅटलससारख्या संस्था मिळालेल्या रकमेचा ठरावीक टक्का घेऊन हे काम करतात. इतर देशांत एखादं नाट्यगृह, विद्यापीठ किंवा न्यास ही भूमिका घेऊ शकतो. मात्र लेखी करार हवाच: पैसे किती दिवसांत तुमच्याकडे येतील, किती टक्के कापले जातील, हिशेब कोण देईल. आणि परदेशातून पैसे यायचे असतील तर ते स्वीकारण्यासाठी तुमच्या देशात वेगळी परवानगी लागते का, हे अर्ज करण्यापूर्वी तपासा. निवड झाल्यावर हे कळलं तर पैसे परत जाण्याची वेळ येते.

पुढची अडचण खर्चातल्या आपल्या वाट्याची. बरेच मोठे निधी पूर्ण खर्च देत नाहीत. युरोपीय संघाच्या क्रिएटिव्ह युरोपच्या 2021 ते 2027 या काळातल्या लहान सहकार्य प्रकल्पांत निदान तीन देशांतले तीन भागीदार लागतात, आणि निधी खर्चाच्या 80 टक्क्यांपर्यंत, जास्तीत जास्त 2 लाख युरो मिळतो. प्रकल्प मोठा होत जातो तशी ही टक्केवारी 70 आणि 60 वर येते. अमेरिकेचा एंडोमेंट साधारणपणे जितके देतो तितकेच दुसरीकडून उभे करायला सांगतो. म्हणून अर्ज भरण्याआधी 'उरलेले कुठून?' याचं उत्तर तयार ठेवा. काही ठिकाणी फुकट मिळालेली तालमीची जागा, उसने दिवे, स्वयंसेवकांचा वेळ याची किंमत धरता येते, काही ठिकाणी रोख रक्कमच हवी. नियमावलीत हे स्पष्ट लिहिलेलं असतं. आणखी एक गोष्ट नव्या गटांना जड जाते: शेवटचा हप्ता बहुतेक वेळा अहवाल दिल्यानंतर येतो. तेवढे महिने ती रक्कम तुम्हाला कुठून तरी फिरवावी लागते, त्याची सोय आधीच करा.

रेसिडेन्सीबद्दल मी थोडा कडक बोलणार आहे. गेल्या काही वर्षांत राहण्याची खोली भाड्याने देऊन तिला रेसिडेन्सी म्हणणारे खूप झाले आहेत. आठवड्याचं भाडं तुम्ही देणार, प्रवास तुमचा, जेवण तुमचं, निवड समितीचं नाव कुठे नाही, आणि अर्ज केल्यावर चार दिवसांत 'अभिनंदन'. हे पाठबळ नाही. काही प्रामाणिक ठिकाणं अंशतः शुल्क घेतात हे खरं, पण ती ते उघड सांगतात आणि शिष्यवृत्तीही ठेवतात. सादरीकरणाच्या कलांना तर आणखी प्रश्न विचारावे लागतात. जमीन कशी आहे? लाकडी आणि लवचीक, की सिमेंटवर चटई? सिमेंटवर तीन आठवडे नाचून गुडघे जातात, आणि ते नुकसान कोणतंही अनुदान भरून देत नाही. छताची उंची किती, रात्री आवाज करता येतो का, वाद्य आहे का, दिवे-ध्वनी हाताळणारा माणूस मिळेल की फक्त उपकरणं? सहाही जणांची राहण्याची सोय होईल का? शेवटी प्रयोग दाखवणं सक्तीचं आहे का? सक्तीचं असेल तर ती रेसिडेन्सी शोधासाठी नाही, निर्मितीसाठी आहे असं समजा, कारण पहिल्या दिवसापासून तुम्ही शेवटच्या दिवसाची तयारी करत राहाल. आणि निमंत्रणपत्रावर व्हिसाच्या दृष्टीने काय लिहिलं जाणार, मानधन मिळणार असेल तर कोणत्या प्रकारचा व्हिसा लागेल, हे यजमानाला आधी विचारा. लेखी उत्तर देणारा यजमान बहुधा चांगला निघतो.

अर्जाबद्दल सांगण्यासारखं पुष्कळ आहे, पण दोनच गोष्टींवर थांबतो, कारण माझ्या मते निर्णय तिथेच होतो.

पहिली, कामाचा व्हिडिओ. समितीतल्या माणसापुढे एका दिवसात कितीतरी अर्ज असतात. तो तुमच्या चित्रफितीची पहिली दोन मिनिटं पाहतो, फार तर तीन. त्यात नावांची पाटी, धूसर फोटो आणि मागे संगीत असेल तर तुम्ही स्वतःच्या हाताने ती मिनिटं घालवलीत. जाहिरातीसारखी तुकडे जोडलेली चित्रफीत पाठवू नका, तिच्यात नट किंवा नर्तक एखादा क्षण किती वेळ पेलून धरतो हे कळत नाही. एका जागी ठेवलेल्या कॅमेऱ्याने घेतलेला, सलग, आवाज स्वच्छ असलेला तुकडा हवा. कोणत्या मिनिटापासून पाहावं ते लिहा, आणि या तुकड्याचा नव्या प्रकल्पाशी काय संबंध आहे ते दोन वाक्यांत सांगा. भाषा वेगळी असेल तर चित्राखाली भाषांतराची अक्षरं द्या. पुढच्या प्रयोगाच्या खर्चात चांगल्या चित्रीकरणाची रक्कम आधीच धरून ठेवा. तीच चित्रफीत नंतरच्या कितीतरी अर्जांना पुरते.

दुसरी, अंदाजपत्रक. कलाकार ते शेवटच्या रात्री करतात आणि तिथेच उघडे पडतात. मी समितीत असताना निवेदनाच्या आधी अंदाजपत्रक वाचतो, कारण काम कसं होणार हे त्यात दिसतं. सहा जण आठ आठवडे तालीम करणार आणि मानधनाच्या रकान्यात शून्य, असं दिसलं की दोन शंका येतात: एक तर या लोकांनी काम मोजलेलं नाही, किंवा मधेच कोणी तरी नोकरीसाठी निघून जाणार. स्वतःचं मानधन लिहायला संकोचू नका. ते लिहिणं हा तुमच्या सहकाऱ्यांचा सन्मान आहे, आणि बहुतेक देणाऱ्यांना आता ते हवंच असतं. तालमीचे तास, प्रवास, विमा, हक्कांचे शुल्क, अनुवाद, अपंग प्रेक्षकांसाठीच्या सोयी, हिशेबनीस, आणि अचानकच्या खर्चासाठी पाच ते दहा टक्के. जमा आणि खर्च जुळले पाहिजेत. निवेदनात चार संगीतकार आणि खर्चात दोन, असं असेल तर मी निवेदनावर विश्वास ठेवत नाही.

निवेदन साधं लिहा. पहिल्या परिच्छेदात काय करणार, कोण करणार, कुठे, कधी, आणि मागितलेली रक्कम कोणत्या टप्प्यासाठी. 'समाजातील विविध प्रश्नांवर भाष्य' अशी वाक्यं प्रत्येक अर्जात असतात, त्यांनी कोणाचंच काम ओळखू येत नाही. रंगमंचावर प्रत्यक्ष काय घडणार ते सांगा. एका प्रवेशाचं वर्णन तीन पानांच्या तत्त्वज्ञानापेक्षा जास्त पटवतं.

वेळेचं गणित सोपं आहे: निर्मितीच्या तारखेआधी निदान वर्षभर. अर्जाची मुदत, निर्णय, करार, पहिला हप्ता यांत महिने जातात, आणि काम सुरू झाल्यावरचा खर्च बरेच देणारे मागे जाऊन मान्य करत नाहीत. मुदतीची वेळ कोणत्या देशाच्या घड्याळाने आहे तेही पाहा. अचानक आलेल्या संधीसाठी वर्षभर खुले असणारे छोटे निधी वेगळे असतात. न्यूयॉर्कच्या फाउंडेशन फॉर कन्टेम्पररी आर्ट्सचं आपत्कालीन अनुदान हा त्याचा चांगला नमुना आहे, अर्थात ते अमेरिकेत काम करणाऱ्यांसाठी आहे. तसा एखादा तुमच्या भागात आहे का ते बघून ठेवा. आणि एकाच देणाऱ्यावर सगळा डोलारा उभा करू नका. मे 2025 मध्ये अमेरिकेच्या एंडोमेंटने आधी मंजूर केलेली अनेक अनुदानं एकदम रद्द केली, तेव्हा दुसरा आधार नसलेल्या संस्थांची फार ओढाताण झाली.

नकार आला तर दोन ओळींचं पत्र पाठवून अभिप्राय मागा. काही जण देतात, काही देत नाहीत. मिळाला तर त्यावर वाद घालू नका. पुढच्या फेरीत समिती बहुधा बदललेली असते आणि तोच प्रकल्प, थोडा पुढे गेलेला, पुन्हा पाठवायला हरकत नाही. देणाऱ्या संस्थेच्या कार्यक्रम अधिकाऱ्याशी बोलायची सोय असेल तर जरूर बोला, पण 'आम्ही पात्र आहोत का?' असं मोघम विचारू नका. संकेतस्थळ वाचूनही न सुटलेला एकच नेमका प्रश्न घेऊन जा.

तुमच्या वर्णनावरून वाटतं की तिसरी निर्मिती अजून रचनेच्या टप्प्यावर आहे. तसं असेल तर या महिन्यात निर्मितीच्या अनुदानामागे लागू नका. आधीच्या दोन प्रयोगांपैकी एकाचा सलग, स्वच्छ तुकडा तयार करा. नसेल तर तालमीच्या जागेत त्याचा एक भाग पुन्हा करून चित्रित करा. तुमच्या पुढे असलेल्या दहा गटांचा तक्ता भरा. नृत्यरचनाकाराने स्वतःच्या नावाने शोधासाठीच्या दोन फेलोशिपना आणि गटाने जमीन, उंची, राहण्याची सोय तपासून दोन तालीम-रेसिडेन्सींना अर्ज करावा. निर्मितीचं अंदाजपत्रक मात्र आत्ताच, मानधनासह, पूर्ण करून ठेवा, कारण रेसिडेन्सीत तुमचं काम पाहायला एखाद्या महोत्सवाचा माणूस आला तर तो पहिला प्रश्न रकमेचाच विचारेल.